राखणीतली दाढी

आजवर किती वेळा दाढी केली असेल, देव जाणे. लक्षात राहिली ती एकच. चंद्रपूरच्या बसस्टँडसमोरचं दुकान, लाकडी खुर्ची, पारा उडालेला आरसा आणि माझ्या तोंडावर दीड महिन्याचं रान. न्हाव्याने गळ्याला कापड बांधलं आणि विचारलं, घरी सुतक होतं का? मी म्हटलं, नाही, भरती आहे. तो हसला. मग चकाचक करून देतो म्हणाला, साहेब लोक आधी तोंड पाहतात. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला ते लगेच पटलं.

ती दाढी का वाढली होती ते आधी सांगायला हवं.

आम्ही ढिवर. गाव नागभीडच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली. मासे धरणारी जात म्हणूनच लोक आम्हाला ओळखतात, आणि ते खरंही आहे. पण आमच्यातल्या काही घरांचा आणखी एक धंदा असतो, तो बाहेरच्याला सहसा माहीत नसतो. पावसाळा सरत आला की ही माणसं जाळं खुंटीला टांगतात आणि जंगलात जातात, कोसा राखायला. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. ऐनाच्या झाडांवर किडे सोडायचे. ते पानं खातात, वाढत वाढत बोटाएवढे जाड होतात, हिरवेगार, अंगावर चांदीचे ठिपके. मग स्वतःभोवती घर विणतात, मातकट रंगाचं, सुपारीहून मोठं, फांदीला लोंबणारं. ते घर म्हणजे कोसा. किडे सोडले तेव्हापासून कोसे उतरवेपर्यंत साठेक दिवस जातात, आणि तेवढे दिवस माणसाने झाडाखालून हलायचं नाही. कावळा, कोतवाल पक्षी, खार, सरडा, मुंग्या, गांधीलमाशी, सगळ्यांना हा किडा आवडतो. दिवस उजाडल्यापासून दिसेनासं होईपर्यंत हातात गुलेल घेऊन फिरत राहायचं. एका झाडाचा पाला संपत आला की फांदीसकट किडे कापून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायचे. याला आमच्याकडे राखण म्हणतात.

राखणीचे नियम कडक. मासोळी, मटण, हळद बंद. घरी जायचं नाही, गवताच्या खोपडीत राहायचं, हाताने रांधून खायचं. बाईमाणसाने राखणीच्या हद्दीत यायचं नाही. एकाच्या राखणीत दुसऱ्याने पाय टाकायचा नाही. किड्याला किडा म्हणायचं नाही, धन म्हणायचं. केस कापायचे नाहीत, दाढी करायची नाही. आणि धन झाडावर असेपर्यंत औंदा कोसे किती होतील हे तोंडातून काढायचं नाही.

हा शेवटचा नियम मी मोडायचो. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर जात होतो, आणि शाळेने मोजायची सवय लावलेली. एकदा मी एका झाडावरचे किडे मोजले, झाडांच्या संख्येने गुणले आणि मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. बाजारात तुरी म्हणतात तसला प्रकार. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, वर फांदीकडे पाहत म्हणाले, "किती होतीन हे झाडाले माहीत नाई, तुले काय माहीत? आज कोन्या झाडाखाली उभं राह्याचं, तेवढं पाह्य."

बाबांना शाळा ठाऊक नव्हती, पण कान असे होते की काय सांगू. धन पानं खातं तेव्हा आवाज येतो, बारीक बुरबुर पावसासारखा. बाबा खोपडीत पडल्या पडल्या तो ऐकत आणि सांगत, मोहाकडच्या झाडावर पाला उद्यापर्यंत पुरेल. कधी आवाज थांबे. म्हणजे धन कात टाकायला निजलं. तेव्हा त्याला हलवलं की मेलंच. मला तो पाऊस ऐकू यायचा पण त्याची भाषा कळत नव्हती. कळेल हळूहळू, असं बाबा म्हणत. घाई त्यांना कशाचीच नव्हती.

मला ते सगळं आवडायचं, पण मी ते कुणाला कधी सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. कारण आवडण्याला भाव नव्हता. आमच्या गावात बारावी झालेल्या पोराला लोक एकच विचारत, आता काय होणार? कुठल्या वाटेने जाणार, हे कुणी विचारत नव्हतं.

काय व्हायचं ते मी राखणीतच ठरवलं, हीसुद्धा गंमतच. आमच्या भागाचा नाकेदार, म्हणजे वनरक्षक, महिन्यातून एकदा सायकलने यायचा, सरळ राखणीत, त्याला नियम कोण सांगणार? माणूस वाईट नव्हता. चहा प्यायचा, बिडी ओढायचा, ख्यालीखुशाली विचारायचा. पण तो आला की बाबा उठून उभे राहत आणि तो जाईपर्यंत बसत नसत. ज्या झाडांना बाबा तीस वर्षं ओळखत होते त्या झाडांखाली ते त्या खाकी सदऱ्यासमोर हात जोडून उभे. मला तिडीक यायची. तेव्हाच ठरवलं, नाकेदार व्हायचं. बाबांनी माझ्यासमोर तरी बसावं.

बारावीनंतर मामांकडे राहिलो. मामा ऊर्जानगराच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर एका खोलीत राहायचे, कंत्राटदाराकडे कामाला होते. तिथून सायकलने चंद्रपूरला भरतीच्या शिकवणीला जायचो. शिकवणीचे सर मोठे बोलके. फळ्यावर एक गोल काढायचे, मधोमध ठिपका द्यायचे आणि म्हणायचे, जगातली सगळी माणसं दोनच प्रकारची, ठिपका दिसणारी आणि न दिसणारी. ध्येय लिहून काढा, तारखेसकट, आणि रोज डोळे उघडल्यावर दिसेल असं लावा. आम्ही चाळीस पोरं तोंड वासून ऐकायचो. आज कुणी मला तो गोल दाखवला तर मी फळा उचलून त्याच्या अंगावर घालीन. तेव्हा मात्र मी गावी गेलो आणि माझ्या खाटेसमोरच्या मातीच्या भिंतीवर काळ्या रंगाने, हातभर अक्षरात लिहिलं: वनरक्षक, १९९६.

मायला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिवलं? मी सांगितलं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीच्या पाया पडली. बाबा दारातून पाहत होते.

त्या वर्षी पोळा झाला आणि मी बाबांबरोबर राखणीला गेलो. भरतीचं बोलावणं येईल तेव्हा येईल. धन अंड्यांतून चांगलं निघालं होतं, पाला दाट होता, पाऊस बेताचा. दसऱ्यानंतर एक दिवस माय राखणीच्या हद्दीपर्यंत आली. हद्दीवर शेंदूर लावलेला दगड असतो. ती दगडापाशी थांबली आणि तिथूनच हाक मारली. हातात खाकी पाकीट. चार दिवसांनी चंद्रपूरला मैदानी चाचणी, दुसऱ्या दिवशी लेखी.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांना थंडी वाजून आली होती. घोंगडं घेऊन बसले होते, दात वाजत होते. सकाळी घाम येऊन उतरली. आमच्याकडे अशी थंडी वर्षातून एकदा दोनदा सगळ्यांनाच येते, मी स्वतःला म्हटलं. हे मी मुद्दाम म्हटलं. मला माहीत होतं की दिवसाआड येणारी थंडी परत येते. धन शेवटच्या वाढीला लागलेलं, आठ-दहा दिवसांत विणायला बसलं असतं. एका माणसाला ते झेपण्यासारखं नव्हतं. बाबा म्हणाले, जाय, दोन दिवस मी पाह्यतो. मी एकदाही म्हटलं नाही की जात नाही. डोळ्यांसमोर भिंत होती.

मामांच्या खोलीवर पोचलो तेव्हा मामांची पोरं मला पाहून हसली, जंगली आला म्हणाली. मामा रागावले त्यांच्यावर. पण मी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि वाटलं, हा माणूस कुणाला सरकारी नोकर वाटेल? मैदानात साहेब म्हणतील, जंगलातून थेट आलास का? आणि मी थेट तिथूनच आलो होतो, म्हणून जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे बसस्टँडवर गेलो. दुकान उघडायची वाट पाहत बसलो. नियम आठवत होता. चांगला आठवत होता. पण मी शिकलेला, आणि एका दाढीने झाडावरच्या किड्याला काय होतं, असं मनाशी म्हणालो. राखण आता बाबांचीच आहे, मी दोन दिवस पाहुणा, असंही म्हणालो. माणसाला चूक करायची असली की कारणांचा तोटा पडत नाही.

मैदानात कुणीही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. छाती मोजली, उंची मोजली, कागद पाहिले, छातीवर नंबर अडकवला. माझ्या पुढे एक पोरगा होता, हनुवटीवर बोटभर दाढी, त्यालाही कुणी काही म्हटलं नाही. पंचवीस किलोमीटर चालायचं होतं, ते मी हसत हसत चाललो. चालणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. लेखी मात्र जड गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीने गावात उतरलो आणि घरी न थांबता तसाच जंगलात निघालो, कारण मनात धाकधूक होती.

बाबा खोपडीच्या तोंडाशी बसले होते. डोळे लाल. मी दगड ओलांडणार एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. आत नको येऊ."

मी म्हटलं, काऊन? त्यांनी आपल्या गालावरून हात फिरवला. तेव्हा मला एकदम आठवलं की माझ्या तोंडावर काही नाही. मी म्हटलं, तलावावर जाऊन आंघोळ करून येतो, कपडे बदलतो, नारळ फोडतो. ते थोडं हसले.

"केस का आंघोळीनं उगवते?"

मग मी चिडलो. बोलू नये ते बोललो. ही सगळी अंधश्रद्धा आहे, तुम्हाला ताप आहे, धन खलास होईल, तुम्ही मराल, आणि दगडाला शेंदूर फासून बसा. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फोटोसाठी करावंच लागत असन. तुयी चूक नाई." असं म्हणून गुलेल उचलली आणि झाडांखाली गेले. चालताना एका हाताने खोडं धरत होते.

मी दगडाबाहेर बसून राहिलो. रात्री घरी गेलो, पहाटे परत आलो. दोन दिवस तिथूनच कावळ्यांवर दगड मारत होतो. माझे दगड काठावरच्या तीन झाडांपर्यंत पोचत. बाकीची झाडं बाबांची. मी ओरडून सांगायचो, मोहाकडे कोतवाल बसला, मुंग्या चढून राह्यल्या, आणि ते तापाने डुलत तिकडे जायचे. शेजारच्यांच्या राखणी कोसभर दूर. ते आपली राखण सोडून येणार नाहीत आणि आले तरी बाबा त्यांना आत घेणार नाहीत. माय घरी देवापुढे बसलेली. जगात एकच माणूस त्या झाडांखाली जाऊ शकत होता, तो मी, आणि मी चकाचक तोंड घेऊन बाहेर बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा मोहाकडच्या झाडाखाली पडले आणि उठले नाहीत. मी आत धावलो. कुणी अडवलं नाही, अडवायला होतं कोण? त्यांना पाठीवर घेतलं, बैलबंडीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला होता. नऊ दिवस होतो तिथे. बाबा जगले. पण ताप गेला तो कान घेऊन गेला. शुद्धीवर आल्यावर डाव्या उजव्या दोन्ही बाजूंनी बोललो तरी ते माझ्या ओठांकडेच पाहत होते, आणि डोळ्यांत असं काही होतं की मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडलो.

राखणीत गेलो तेव्हा झाडं उघडी पडलेली. पाला संपलेल्या फांद्यांवरून धन खाली उतरलेलं आणि मुंग्यांनी नेलेलं. कावळे बसलेले, त्यांना आता घाई नव्हती. एका खोडावर दोन-चार किडे होते, खात नव्हते. कोसा म्हणून एक हाती लागला नाही. पुढच्या वर्षीसाठी बेणं ठेवतो आम्ही, तेही त्यातच गेलं.

गावात म्हणाले, दाढी केली म्हणून धन रुसलं. मला राग यायचा. भर पारावर मी भांडलो, धन रुसत नसतं, मुंग्यांनी खाल्लं. पण घरी येऊन पडलो की कळायचं, दाढी केली नसती तर मी आत असतो, आणि आत असतो तर मुंग्यांना हात लावू दिला नसता. म्हणजे गाव म्हणत होतं ते चुकीचं होतं आणि तरी खरं होतं. बाबांनी मात्र तो विषय कधी काढला नाही. यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणंही नीट हाती आलं नाही.

पुढच्या पोळ्याला मी विचारलं, जायचं का? ओरडून विचारावं लागायचं आता. बाबा म्हणाले, एकट्याले होत नाई, कान नाई ना. मग म्हणाले, "तुयं एक काम होऊन जाऊ दे. मंग जाऊ."

काम म्हणजे भिंतीवरचं. मी ९६ खोडून ९७ केलं. मग ९८. एक वर्ष भरती निघालीच नाही, मी तरी आकडा बदलला. पोलिसात पाहिलं, तलाठ्यात पाहिलं, शिपायात पाहिलं. ओळखीचा एक जण म्हणाला, निवड झाली तर भामरागडला टाकतील, पावसाळ्यात चार महिने रस्ता नसतो. मी म्हटलं, भामरागड काय, आभाळात टाका. कुठे जायचं याचा विचार करायचं मी कधीच सोडून दिलं होतं. नुसतं यादीत नाव हवं होतं. माय दर दिवाळीला घर सारवायची तेव्हा त्या अक्षरांभोवती हात थांबवायची. सगळी भिंत पांढऱ्या मातीने उजळायची आणि मधोमध एक काळपट चौकोन तसाच राहायचा, माझं ध्येय, दरवर्षी आणखी थोडं मळलेलं. तो पुसायची तिची हिंमत नव्हती. माझीही नव्हती.

दरम्यान पोट होतं. चंद्रपूरला कचेरीसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागलो. पुढे तेच दुकान मी चालवायला घेतलं. लोकांचे फॉर्म भरून द्यायचे, फोटो चिकटवायचे, कुठे सही करायची ते दाखवायचं. या कामात माझा हात बसला. इतके फॉर्म स्वतःचे भरले होते की रकाने पाठ झाले होते. पोरं यायची, ताजी दाढी केलेली, गालाला फिटकरीचा वास. मी त्यांच्या फोटोंना डिंक लावायचो.

मग एक वर्ष असं आलं की जाहिरात निघाली, मी सवयीने माझाही फॉर्म घेतला आणि वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. आमच्या प्रवर्गाची वयाची अटसुद्धा उलटून गेली होती. कुणी सांगितलं नाही, कुठे ढोल वाजला नाही. समोरचा माणूस म्हणत होता, भाऊ, मायावाला लवकर भरून द्या. मी भरून दिला.

त्या शनिवारी गावी गेलो. पोळा चार दिवसांवर होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, बसमध्ये मला हलकं वाटत होतं. आता काहीच व्हायचं नव्हतं. मग एकदम झाडं आठवली. खोपडी, बुरबुर पावसाचा तो आवाज, बाबांची पाठ. आणि लखकन कळलं की मला खाकी कधीच नको होती. मला जंगल हवं होतं आणि बाबा हवे होते. दोन्ही मला मिळालेली होती, त्यांच्याकडे पाठ करून मी दहा वर्षं भिंतीकडे पाहत बसलो. उशीर झाला होता, पण वाटलं, इतका नाही. बाबा आहेत अजून.

घरी जाऊन त्यांच्या कानाशी ओरडलो, राखणीला जाऊ. मी आहे, आता कुठं जात नाई. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. चार दिवसांची दाढी होती. मग उठले, काठी घेतली, कोयता घेतला आणि पुढे चालायला लागले.

शेंदराचा दगड होता, शेंदूर उडून गेलेला. आत गेलो आणि मला जागा ओळखू येईना. ऐनाचं झाड राखणीसाठी दरसाल छाटावं लागतं, बुटकं ठेवावं लागतं, म्हणजे किडे सोडता येतात, पाला हाताला लागतो, फांदी कापून नेता येते. ही झाडं दहा वर्षं कुणी छाटली नव्हती. सरळ वर गेली होती. पहिली फांदी दोन पुरुष उंच. बाबा मोहाकडच्या झाडाखाली गेले, टाचा उंचावल्या आणि हात वर केला. मध्ये बरंच आभाळ उरलं.

"वाढू देलं का गेलं," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी ओरडून विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, दरसाली येऊन पाहून जात होतो. मी विचारलं, मग बोलले काऊन नाई? एक शब्द बोलले असते तर मी आलो असतो छाटायला.

बाबा खाली बसले. काठी मांडीवर आडवी घेतली.

"तू भिंतीवर लिवून ठेवलं होतं," ते म्हणाले. "लिवलेल्यावर मी काय बोलू, बापू? मले कुठी वाचता येते."

आणि मग मी तेच केलं जे मला येत होतं. डोक्यात हिशेब मांडला. आता बुंध्यापासून कापली तर फुटवे येतील, तीन वर्षांत पाला हाताला लागेल, म्हणजे अमुक साली पहिली राखण. मी बाबांसमोर उकिडवा बसलो आणि तीन बोटं दाखवली. ओरडलो, तीन साल, बाबा, तीन सालात होते. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग आपल्या खरबरीत हाताने माझी बोटं एकेक करून मिटवली.

"झालं तुयं मोजणं सुरू," म्हणाले.

ते हसत होते. मला हसू आलं नाही. वाऱ्याने वरचा पाला हलत होता, तो आवाज मला ऐकू येत होता आणि त्यांना येत नव्हता. मग दिवस कलला आणि घरी आलो. वाटेत त्यांनी कोयता माझ्या हाती दिला, दमले होते म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. तीन वर्षं माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती. मी झाडं कापली नाहीत. कुणी विचारलं तर जंगलखात्याच्या परवानगीचं कारण सांगतो, दुकानाचं सांगतो. खरं कारण हे की धन निजलं की मेलं, पाला उद्या संपेल की परवा, यातलं मला काही येत नाही. ते हळूहळू कळणार होतं, आणि ज्या वर्षांत कळणार होतं ती वर्षं मी आकडे खोडण्यात घालवली. भिंतीवरचा चौकोन मायने शेवटी सारवला, बाबांच्या तेराव्याच्या आधी. मला विचारलं नाही. ओला हात एकदाच फिरवला आणि पुढे गेली.

दुकान चालू आहे. पोरं येतात, फॉर्म भरतात, विचारतात, भाऊ, होईन का आपलं? मी म्हणतो, सही इथे कर. कधी वाटतं त्यांना बसवून सगळं सांगावं. पण मागे रांग असते, आणि त्यांनीही घरी भिंतीवर काही लिहिलेलं असेल.

पोळा झाला की मी दाढी करायचं सोडतो. दिवाळीपर्यंत वाढू देतो. मासोळी खात नाही, हळदीचं खात नाही. राखायला काही नाही, मी खुर्चीवर बसून फोटोंना डिंक लावतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, भाऊ, सुतक आहे का घरी?

मी हो म्हणतो.